पेटीतील कागद : डोंगरपाड्यांतील जीवित व मालमत्ता यांविषयी एक पाठ



असोदा हे जळगावालगतचे काळ्या जमिनीचे गाव. येथून स्वच्छ दिवशी उत्तरेकडे पाहिले असता तापीपलीकडे सातपुड्याची निळसर रेघ दिसते. कापसाच्या वेचणीचे दिवस आले म्हणजे त्या रेघेतली माणसे खाली उतरतात, शेताच्या कडेस खोपी घालून राहतात, आणि वेचणी सरली की पुन्हा रेघेत मिसळून जातात. आपण त्यांस मजूर म्हणून ओळखतो. त्यांस घरदार आहे, शेत आहे, व त्या शेताचा घोर त्यांच्या जिवास लागलेला आहे, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते.

एका वेचणीस अशीच एक वृद्ध पावरा बाई आपल्या नातवंडांसह गावाच्या शिवारात उतरली होती. तिच्याजवळ पत्र्याची एक लहानशी पेटी असे. बाई शेतात जाताना ती पेटी डोक्यावर घेऊन जाई व ओळीच्या टोकाशी, आपल्या नजरेसमोर ठेवी. लोक हसत. पेटीत रुपये आहेत, कोणी म्हणे चांदीच्या वाळ्या आहेत. रविवारी सायंकाळी भक्ती आटोपल्यावर ती आम्हांकडे आली, पेटी उघडली आणि म्हणाली, “पाळकबाबा, हे वाचा. यातले कोणते ठेवू अन् कोणते फेकू?”

पेटीत रुपये नव्हते. मतदार यादीचा एक जुना उतारा, शिधापत्रिका, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि तळाशी सुतळीने बांधलेल्या सात पावत्या होत्या. त्या सातही पावत्या दंडाच्या होत्या. वनखात्याच्या जमिनीत बेकायदा नांगर घातल्याबद्दल तिच्या नवऱ्याने वेळोवेळी दंड भरला होता, त्याच्या त्या पावत्या. बाईस त्यांची लाज वाटत होती. गुन्ह्याचा कागद घरात असू नये, असे तिला कोणीतरी सांगितले होते.

आम्ही त्या पावत्या हाती घेतल्या तेव्हा आमचा हात जड झाला. त्याचे कारण येथे सांगणे आम्हांस भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, सेवेस नुकताच आरंभ केला असता, डोंगरातील एका कुटुंबाने अशाच पावत्या आम्हांस दाखविल्या होत्या. आम्ही तरुण होतो, आणि सेमिनरीत शिकलेले सारे आम्हांस पाठ होते. दंड भरला, आता मागचे विसरा, असे सांगून आम्ही त्या कागदांची होळी करण्यास संमती दिली. पुढे कायदा झाला. त्या कुटुंबाने दावा केला तेव्हा अमुक वर्षी आम्ही ही जमीन कसत होतो, हे दाखविणारा सरकारी कागद त्यांच्याजवळ एकही उरला नव्हता. आमच्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याने भरली. हा पाठ आम्ही त्या ऋणापोटी लिहीत आहो.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, ज्या जमिनीवर माणूस पिढ्यानपिढ्या राहिला ती त्याची नव्हे, असे झाले कसे. खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला. डोंगरातील भिल्लांस वश करण्याकरिता १८२५ साली औट्रम याने धरणगावास भिल्लांची पलटण उभारली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु पलटणीहून अधिक खोल परिणाम कागदाने केला. १८७८ साली अरण्याचा कायदा झाला, व १९२७ साली तो नव्याने रचण्यात आला. त्याची रीत अशी की, एखादे रान राखीव करावयाचे झाले म्हणजे सरकारने जाहीरनामा काढावा. आसपासच्या गावी तो देशभाषेत प्रसिद्ध करावा. आणि ज्याचा त्या रानात काही हक्क असेल त्याने ठरल्या मुदतीत, जी तीन महिन्यांहून कमी नसे, लेखी कळवावे किंवा अधिकाऱ्यापुढे हजर होऊन सांगावे. जो सांगणार नाही व न सांगण्याचे पुरेसे कारणही दाखविणार नाही, त्याचा हक्क नाहीसा झाला असे समजावे.

कागदावर ही रीत न्याय्य दिसते. पण ज्यास अक्षर ठाऊक नाही, ज्याचा पाडा गावापासून दोन डोंगर पलीकडे आहे, त्याने जाहीरनामा वाचावा कसा? तीन महिने आले आणि गेले. माणूस आपल्या शेतात नांगरीत राहिला. एके दिवशी त्यास कळले की तो अतिक्रमण करणारा आहे. बहुतेक ठिकाणी जमीन हिसकावून घ्यावयास कोणी आला नव्हता. ती आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून झाली होती.

आपल्या सातपुड्यातील अरण्य सदा हिरवे व घनदाट असते असे नव्हे. साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू, मोह, चारोळी यांचे हे रान चैत्रवैशाखात उघडेबोडके होते आणि मृगाच्या सरीनंतर पुन्हा भरते. त्या उघड्या दिवसांत मोहाची फुले व तेंदूची पाने हेच घरातील धान्य. म्हणून पाड्यावरील माणसाच्या मालमत्तेत केवळ नांगराखालील तुकडा धरून चालत नाही. मोहाचे झाड, पाणवठा, गुरांची चराई, पूर्वजांस पुरल्याची जागा, ही सारी त्याची मिळकत आहे. कागद करणाऱ्यांस हे दीर्घकाळ दिसले नाही.

२००६ साली दिल्लीच्या संसदेने जो कायदा केला त्यास लांबलचक नाव आहे. आपण त्यास वनहक्कांचा कायदा म्हणू. डिसेंबर २००६ मध्ये तो संमत झाला व १ जानेवारी २००८ रोजी त्याचे नियम निघाले. पुढे २०१२ साली नियमांत मोठी सुधारणा झाली. या कायद्याच्या आरंभीच अरण्यवासी लोकांवर इतिहासात अन्याय झाला, असे कबूल केले आहे. सरकारने आपल्याच कायद्यात आपली चूक मान्य करावी, असे वरचेवर घडत नाही.

या कायद्याने काय मिळते ते शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण लोक प्रथम हेच विचारतात. जो अनुसूचित जमातीचा मनुष्य १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वीपासून वनजमीन कसत आहे किंवा तीवर राहत आहे, त्यास प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीवर हक्क मिळतो. तो ४ हेक्टरांहून, म्हणजे सुमारे १० एकरांहून, अधिक असू शकत नाही. याचा अर्थ प्रत्येकास १० एकर मिळतात असा नव्हे. दोन एकर कसत असेल तर दोनच. इतर समाजातील लोकांसही हक्क आहे, मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, ते त्या वनात राहत होते असे दाखवावे लागते. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. यावलचे अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले. त्याच्या आतील पाड्यांस आपणांस काही मागता येत नाही, असे जे सांगितले जाते ते खरे नव्हे.

आता पावत्यांकडे वळू. दाव्यास पुरावा कोणता लागतो, हे नियमांच्या तेराव्या कलमात आहे. सरकारी दप्तरातील नोंदी, नकाशे व वनखात्याचे कागद चालतात. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका व घरपट्टीची पावती चालते. न्यायालयाचे हुकूम चालतात. बांध, ताल, सपाट केलेले शेत, झोपडी, म्हणजे जे डोळ्यांस दिसते, तेही चालते. जुनी विहीर, पुरण्याची जागा, देवस्थान, वंशावळ यांसही पुरावा मानले आहे. यांपैकी एकाहून अधिक पुरावे असावेत. आणि ज्या दंडाच्या पावतीची बाईस लाज वाटत होती, ती वनखात्याचीच नोंद आहे. अमुक साली अमुक माणूस या ठिकाणी नांगरत होता, असे खुद्द ज्याने त्यास हाकलावयास पाहिले त्यानेच सही करून लिहून दिलेले आहे. याहून बळकट साक्षीदार कोठून आणावा? त्या सात पावत्यांतील सर्वांत जुनी पावती १९८८ ची होती. आम्ही बाईस ते सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या साली बकऱ्या विकून पैसे भरले होते.”

तेराव्या कलमात आणखी एक पुरावा सांगितला आहे. दावा करणाऱ्याखेरीज दुसऱ्या वृद्ध माणसाचे तोंडी सांगणे लिहून घेतले, तर तेही ग्राह्य आहे. असोदेकरांस याचे महत्त्व विशेष वाटावे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली याच गावी महाजनांच्या घरी झाला. त्यांस लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर व शेतात त्या जे गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी लिहून घेतले, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने जगापुढे आले. लिहून घेणारा भेटला नसता तर ते त्यांच्याबरोबरच गेले असते. डोंगरातील पाड्यांवर आज असे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे पुष्कळ लोक आहेत की कोणत्या साली कोणी कोणते रान तोडून शेत केले, हे ते बोटांवर सांगतात. ते एकेक करून जात आहेत. ज्या शिक्षकाच्या हातास अक्षर आहे त्याने या पावसाळ्यापूर्वी एक वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसावे. सांगणाऱ्याचे नाव, वय, सांगितल्याची तारीख लिहावी, सही किंवा अंगठा घ्यावा, आणि दोन साक्षीदार ठेवावे.

उपग्रहाने काढलेली छायाचित्रे आजकाल फार दाखविली जातात. चित्रात शेत दिसत नाही, म्हणून दावा नाकारला, असे लोक सांगत येतात. झाडांच्या सावलीतील अर्ध्या एकराचे शेत आकाशातून दिसेलच असे नाही. २०१२ च्या नियमांत स्पष्ट आहे की अशी चित्रे इतर पुराव्यास पूरक म्हणून घ्यावी, इतर पुराव्याच्या जागी नव्हे. हे वाक्य शिक्षकांनी लक्षात ठेवावे. समितीपुढे ते उपयोगी पडते.

दावा कोठे करावयाचा? कचेरीत नव्हे, आपल्याच ग्रामसभेत. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तीत किमान दोन तृतीयांश लोक अनुसूचित जमातीचे व किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. समितीने दावा घेऊन पोच द्यावी. पोच घेतल्याशिवाय कोणीही कागद हातचा सोडू नये. आम्ही हे तीनदा लिहिले असते, पण संपादकांस जागा थोडी. नंतर समिती प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, आणि प्रकरण उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हा समितीकडे जाते. कोणत्याही पायरीवर निर्णय विरुद्ध गेल्यास वर दाद मागण्यास ६० दिवसांची मुदत आहे, व बाजू मांडण्याची संधी न देता अर्ज फेटाळता येत नाही. चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडे दाद मागता येते. ही सोय २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मोठी घबराट उडाली होती, ती अनेकांस आठवत असेल. १३ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने असा हुकूम केला की ज्यांचे दावे फेटाळले आहेत त्यांस वनातून काढावे. पाड्यापाड्यांत बातमी पसरली की सारेच निघणार. काहींनी त्याच आठवड्यात बैल विकले. पुढे २८ तारखेस न्यायालयाने आपला हुकूम स्थगित केला. बैल मात्र परत आले नाहीत. कायद्याच्या चौथ्या कलमात असे आहे की, तपासणी व मान्यतेचे काम पुरे होईपर्यंत कोणाही अरण्यवासी माणसास ताब्यातील वनजमिनीवरून काढता येत नाही. घाबरून काही विकण्यापूर्वी, स्थलांतर करण्यापूर्वी, कोणीतरी वाचता येणाऱ्यास विचारावे.

हक्क मिळाल्यावर जो पट्टा हाती येतो त्याविषयी दोन गोष्टी. तो वारसाने पुढे जातो, परंतु विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि विवाहित मनुष्य असेल तर तो नवराबायको या दोघांच्या नावे होतो. घरात बाईच कर्ती असेल तर एकट्या तिच्या नावे. पाड्यावरील पुरुषांस ही दुसरी गोष्ट पुष्कळदा पटत नाही. सलाफहादाच्या पाच कन्यांची कथा आपण शब्बाथशाळेत शिकवितो; बापास पुत्र नव्हता म्हणून त्याचे वतन बुडू नये, असे त्या मोशेपुढे उभ्या राहून म्हणाल्या, व त्यांचे म्हणणे मान्य झाले. मुलांस ती कथा सांगताना आपण गोड हसतो, आणि घरी वाटणीची वेळ आली म्हणजे बहिणीस साडीचोळीवर परत पाठवितो.

वारशाचा प्रश्न जमातींत गुंतागुंतीचा आहे, हेही सांगितले पाहिजे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींस आपोआप लागू होत नाही, तेथे रूढी चालते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात असा निर्णय दिला की केवळ स्त्री म्हणून तिच्या वारसांस वडिलोपार्जित मिळकतीतील वाटा नाकारणे समतेच्या तत्त्वास धरून नाही. यावरून प्रत्येक घरी निकाल लागला असे कोणी समजू नये. पण “आपल्यात मुलीस देत नाहीत” एवढ्या उत्तरावर यापुढे भागणार नाही, हे खरे.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो मंडळ्यांत कुजबुजून विचारला जातो : आम्ही ख्रिस्ती झालो, तर आमची जमात गेली काय? जमीन गेली काय? आम्हांस एका पाड्यावर असा तरुण भेटला की ज्याने भीतीपोटी दावाच केला नव्हता. कोणी त्यास सांगितले होते की नाव बदलले की पट्टा रद्द. याचे उत्तर असे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींविषयीच्या त्याच वर्षीच्या आदेशात तशी अट नाही. २००४ साली केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ धर्मांतराने जमातीचे सदस्यत्व जात नाही. मात्र तो मनुष्य जमातीचा घटक म्हणून राहिला आहे काय, तिच्या चालीरीती पाळतो काय, हे प्रत्येक प्रकरणी पाहावे लागेल. म्हणून भिऊन घरी बसू नये, तसेच भावकीपासून तुटूही नये. ज्या बंधूंनी बाप्तिस्म्यानंतर पाड्याच्या पंचांत बसणे सोडले, कोणाच्या लग्नास वा मातीस जाणे सोडले, त्यांनी आपलेच नुकसान केले आहे. पाड्यातील वृद्ध माणसाने “हा आमचाच” असे म्हणणे, हाही एक पुरावाच आहे. आणि काही पाळकांनी नव्या शिष्यांस तसे तुटावयास शिकविले, यात आम्हांस शहाणपण दिसत नाही.

वनजमिनीप्रमाणेच महसुली जमिनीवरही पाड्यावरील पुष्कळ लोकांचे पोट आहे. तेथे धोका निराळा. १९७१-७२ च्या सुमारास शहादे तालुक्यात आदिवासींच्या जमिनींवरून जी चळवळ उठली, अंबरसिंग महाराज जिच्या अग्रभागी होते, तिचे मूळ हेच होते की सातबारावर नाव आदिवासीचे आणि नांगर दुसऱ्याचा, किंवा नावही दुसऱ्याचे. त्यानंतर सरकारने कायदा केला. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीस जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता, गहाण टाकता, बक्षीस देता येत नाही. आणि १ एप्रिल १९५७ पासून त्या दिवसापर्यंत झालेल्या पुष्कळ व्यवहारांतील जमिनी परत देण्याकरिता वेगळा कायदा झाला. तेव्हापासून जमीन विकत घेणारे मुकाट बसले असे नाही. आता खरेदीखत होत नाही. मुद्रांकाच्या कागदावर ‘कसण्याचा करार’ होतो, आखाजीस सालदाराची उचल देताना दुसराच एखादा कागद पुढे सरकविला जातो, आणि अंगठा घेतला जातो. सालदारी करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात धरावे की उचल घेणे निराळे आणि अंगठा देणे निराळे. जो कागद वाचून दाखविला नाही, त्यावर अंगठा उठवू नये. मालक रागावला तर रागावू द्या.

खालच्या गावांतील घरांविषयी थोडेसे. आपली धाब्याची घरे गावठाणात असतात, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नाव आहे म्हणून आपण निश्चिंत असतो. तो उतारा घरपट्टीचा आहे, मालकीचा नव्हे. एप्रिल २०२० पासून स्वामित्व नावाच्या योजनेत उडत्या यंत्राने गावठाणांची मोजणी होऊन सनदा दिल्या जात आहेत. मोजणीदार येतो त्या दिवशी घरी कोणी तरी असावे, हद्दीच्या खुणा दाखवाव्या. ज्यांचे वडील वारले आहेत त्यांनी वारसनोंद तीन महिन्यांत करावी; आपण ज्यास तलाठी म्हणत आलो व ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्याकडे ती होते. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांचे नाव अजून सातबारावर आहे. आजोबांस जाऊन एकतीस वर्षे झाली.

जीविताविषयी एवढेच. सातपुड्याच्या पायथ्याशी बिबटे केळीच्या बागांत वस्ती करतात, हे रावेर-यावलकडील वाचकांस सांगावयास नको. जनावर मारले गेल्यास वनविभागास दोन दिवसांच्या आत कळवावे, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. हलविले की भरपाईचा मार्ग अडतो. साप चावल्यास मांत्रिकाकडे अर्धी रात्र घालविणारी घरे मंडळीतही आहेत. चावलेल्यास चालवू नये, चीर देऊ नये, आवळून बांधू नये, आणि ज्या दवाखान्यात सर्पविषावरील लस आहे तेथे तडक न्यावे. लस कोणत्या केंद्रात ठेवलेली असते हे शिक्षकाने पावसाळ्यापूर्वी विचारून ठेवावे.

एकट्याच्या शेताहून गावाच्या सामाईक हक्काची गोष्ट मोठी आहे, पण ती करून दाखविणारी गावे थोडी. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावास, मर्दा गावाबरोबर, २००९ साली देशात प्रथम सामूहिक वनहक्क मिळाला. मेंढ्याचे ते वन सुमारे १८०० हेक्टरांचे आहे. २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहून नेण्याचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. आपल्याजवळचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या बारीपाड्याचे. तेथील कोकणा लोकांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या वर्षांत सुमारे ४०० हेक्टर उजाड रान स्वतः राखले, कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडविले. बाया पूर्वी दूर पाण्यास जात. मग गावाच्याच विहिरींस पाणी राहू लागले. २००४ पासून तेथे रानभाज्यांची पाककृती-स्पर्धा भरते. पवार यांस २०२५ साली पद्मश्री मिळाली. यात आम्हांस विशेष वाटते ते असे, की बारीपाड्याने रान राखण्यास आरंभ केला तेव्हा वनहक्कांचा कायदा व्हावयाचा होता. कागद येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पण म्हणून कागद नको असेही त्यांनी म्हटले नाही.

कागद जपण्याविषयी एक शब्द. यरुशलेमास वेढा पडला असता यिर्मयाने अनाथोथ येथील शेत विकत घेतले, साक्षीदार बोलाविले, खताच्या दोन प्रती केल्या, एक मोहरबंद व एक उघडी, आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून त्या मातीच्या भांड्यात ठेवण्यास बारूखास सांगितले. शत्रू वेशीशी असता संदेष्टा खरेदीखताची चिंता करीत होता. आमच्या झोपड्यांत मातीचे भांडे आहे, पण वाळवी व गळका कूडही आहे. प्रत्येक कागदाच्या दोन छायाप्रती काढाव्या. एक घरी, एक मंडळीच्या पेटीत, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत. मूळ प्रत कोणासही, पाळकासही, देऊन टाकू नये.

त्या बाईस आम्ही तेव्हा एवढेच सांगितले की, यातले काहीही फेकू नका, आणि दंडाच्या पावत्या सर्वांत वर ठेवा. पुढे तिच्या पाड्यावरील शिक्षकाने दोन वृद्धांचे जबाब लिहून घेतले व दावा तयार केला. समितीचे लोक पाहणीस आले तेव्हा तिने त्यांस शेताच्या वरच्या कडेचा दगडी ताल दाखविला, नवऱ्याने लावलेली दोन आंब्याची झाडे दाखविली, आणि नवऱ्यास जेथे मूठमाती दिली ती जागा दाखविली. अर्जावर नाव लिहिताना थोडा खोळंबा झाला. पाड्यात तिला सारे मोठ्या मुलाची आई म्हणून हाक मारीत. तिचे स्वतःचे नाव समितीतील कोणास ठाऊक नव्हते. तिने ते सांगितले, आणि शिक्षकाने लिहिले.

दावा अद्याप उपविभागीय समितीपुढे आहे. या वेचणीस ती पुन्हा असोद्यास आली होती. पेटी डोक्यावर होतीच. तिने ती उघडून आम्हांस दाखविली. पावत्यांच्या वर, नव्या पिशवीत, शिक्क्याची पोच होती.